एन्झाइमची बाटली आणि नाचणीचं पीठ

प्रश्न विचारणाऱ्या ताई भांडुपच्या, वय ५२. त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एक आरोग्य शिबिर झालं. तिथे सांगण्यात आलं की शिजवल्यावर अन्नातले एन्झाइम्स मरतात, असं ‘मृत’ अन्न पचवायला शरीराला स्वतःच्या साठ्यातले एन्झाइम्स खर्चावे लागतात आणि तो साठा आटला की आजार मागे लागतात. उपाय दोन: रोजचं एक जेवण पूर्ण कच्चं आणि प्रत्येक जेवणाआधी एन्झाइमची कॅप्सूल. ताईंनी दीड महिना दोन्ही इमानेइतबारे केलं. आता पोट फुगतंय, दुपारी ऑफिसात बसवत नाही. हे चालू ठेवू का, असं त्या विचारतात. शिवाय घरात ७८ वर्षांच्या सासूबाई आहेत. दात थोडेच उरलेत, दूध पचत नाही, जेवण कमी झालंय. त्यांनाही ही कॅप्सूल द्यायची का?

ताई, उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. कॅप्सूल थांबवा. कच्चं जेवण अर्ध्यावर आणा आणि त्यातली मोड आलेली कडधान्यं तर वाफवूनच खा. सासूबाईंना कॅप्सूल नको. पण त्यांच्यासाठी एन्झाइमचाच एक उपाय आहे, तो तुमच्या ओट्यावर होतो आणि खर्च मूठभर नाचणीचा. तिथे शेवटी येते.

एकवीस वर्षं मी परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयात आहारतज्ज्ञ होते, आता गिरगावात बसते. पूर्वी एन्झाइम हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी असायचा आणि तोही क्वचित. हल्ली आठवड्याला दोन-तीन जण पिशवीतून बाटलीच काढून टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, ‘मॅडम, हे बघा.’

तुम्हाला सांगितलेलं सगळं खोटं असतं तर तुम्ही फसला नसतात. शिजवल्यावर एन्झाइम्स निकामी होतात हे खरंच आहे. एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं विकर, रासायनिक क्रियांना वेग देणारं, हे बहुतेक वेळा प्रथिन असतं, ठरावीक घडीत दुमडलेलं. साधारण ६०-७० अंशांच्या पुढे बहुतेकांची घडी विस्कटते आणि काम बंद पडतं. अंड्याचा पांढरा भाग उकडल्यावर घट्ट होतो, तोच प्रकार. घोटाळा त्याच्या पुढच्या वाक्यात आहे. काकडीतलं एन्झाइम आपल्या पोटात जाऊन आपलं जेवण पचवतं, असं शिबिरात गृहीत धरलं गेलं. काकडीत जे एन्झाइम आहे ते काकडीसाठी आहे. तिला वाढायचं असतं, पिकायचं असतं, बी तयार करायचं असतं. तुमच्या भाजी-भाकरीशी तिचा संबंध नाही.

शिवाय ते एन्झाइम जठरात उतरतं तेव्हा तिथलं आम्ल इतकं तीव्र असतं की पीएच दीड ते साडेतीनच्या आसपास जातो. त्यात पेप्सिन हे आपलं स्वतःचं एन्झाइम प्रथिनांचे तुकडे करत बसलेलं असतं. काकडीतलं एन्झाइम हेही शेवटी प्रथिनच. मुगातल्या प्रथिनाचं जे होतं तेच त्याचं होतं, तुकडे होऊन शोषलं जातं. एक मात्र कबूल करायला हवं: जेवण जठरात पडल्या पडल्या आम्लात मिसळत नाही. वरच्या भागात घासांचा ढीग काही काळ, अर्धा-पाऊण तासही, तसाच राहतो आणि त्या ढिगाच्या आत लाळेतलं अमायलेज पिठूळ पदार्थ फोडत राहतं. कच्च्या खाण्यातल्या एखाद्या एन्झाइमलाही तिथे थोडी संधी मिळत असेल. पण ती किती, हे समजायला समोरचा आकडा बघा. आपलं स्वादुपिंड रोज एक ते दीड लिटर रस तयार करतं आणि त्यात सहा ते वीस ग्रॅम प्रथिन असतं, बहुतेक सगळं एन्झाइम्सच. वाडगाभर कोशिंबिरीतली एन्झाइम्स त्याच्यापुढे समुद्रात चिमूटभर मीठ.

आणि हे स्वादुपिंड काटकसरीनं चालणारं दुकान नव्हे, त्याच्याकडे माल भरपूर असतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी १९७३ साली दाखवून दिलं की लायपेज हे चरबी पचवणारं एन्झाइम नेहमीच्या दहा टक्क्यांच्या खाली घसरतं तेव्हा कुठे मलातून चरबी जायला लागते. नव्वद टक्के गेलं तरी माणूस वडापाव खाऊन ट्रेन पकडतो! ‘साठा’ हा शब्दच मला खटकतो, तो त्यासाठी. एन्झाइम्स जन्मताना डब्यात भरून मिळत नाहीत. जेवण येतं तशी ती पेशींमध्ये रोज नव्यानं घडतात आणि काम झाल्यावर बरीचशी स्वतःही पचून शरीरात परत येतात. साठ्याची ही कल्पना विसाव्या शतकात एडवर्ड हॉवेल या अमेरिकन डॉक्टरांनी पसरवली. त्याच्या किती तरी आधी रशियात पाव्हलव यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून पाचकरस कधी, कसे आणि किती पाझरतात हे तपशिलात मांडलं होतं. १९०४चं नोबेल त्यांना त्याबद्दल मिळालं. घंटा ऐकून लाळ गाळणारा कुत्रा लोकांच्या लक्षात राहिला, पण मूळ काम पचनावरचं होतं.

हे तोंडी सांगून पटत नाही, म्हणून नर्सिंगच्या मुलींना मी एक प्रयोग करायला लावायचे. भाताची पातळ पेज गार करून तीन वाट्यांत घ्या. पहिली तशीच ठेवा. दुसरीत चमचाभर लाळ टाका. (मुली नाक मुरडायच्या.) तिसरीत आधी चमचाभर व्हिनेगर आणि मग लाळ. वीस मिनिटांनी तिन्हींत जखमेवर लावायच्या तपकिरी आयोडीनच्या औषधाचा एकेक थेंब. पहिली वाटी गडद निळी होते, कारण त्यात पिष्ट, म्हणजे स्टार्च, आहे. दुसरीत निळा रंग येत नाही किंवा फार फिका येतो. लाळेनं पिष्ट फोडलेलं असतं. तिसरी पुन्हा निळी, कारण आंबटपणात लाळेचं एन्झाइम चाललंच नाही. एन्झाइमला स्वतःची जागा लागते, हे त्या तिसऱ्या वाटीत दिसतं. व्हिनेगरऐवजी लिंबू वापरू नका. लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनचा रंगच घालवतं आणि तुम्हाला वाटेल प्रयोग फसला. मी एकदा अख्ख्या वर्गासमोर फसवलाय.

मग शिजवण्यानं नुकसान काहीच नाही का? क जीवनसत्त्व जातं, काही ब जीवनसत्त्वं पाण्यात उतरतात, हे खरं. पण पचनाचा विचार केला तर चूल आपल्या बाजूनं आहे. शिजल्यावर पिष्टाचे कण फुगतात, फुटतात, मग अमायलेजला आत शिरता येतं. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिनला, म्हणजे आपल्याच एन्झाइमला, अडवणारे पदार्थ असतात. ते शिजवल्यावर मोडतात. राजमा अर्धकच्चा राहिला तर त्यातलं लेक्टिन उलट्या-जुलाब घडवतं. आणि व्यायामशाळेतली पोरं कच्ची अंडी फोडून गटागट पितात ना, त्यांच्यासाठी: बेल्जियममध्ये १९९८ साली झालेल्या एका छोट्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रथिन शोषलं गेलं, कच्च्यातलं ५१ टक्केच. ‘मृत’ अंडं जास्त पचलं.

मरणाचाच विषय निघाला तर दुधाची पिशवी घ्या. तिच्यावर ‘पाश्चरीकृत’ असं छापलेलं असतं. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलं गेलं की नाही, हे डेअरीत कसं तपासतात? दुधात मुळातच अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं एन्झाइम असतं. क्षयाच्या जंतूंसारखे चिवट जंतू मारायला जेवढी उष्णता लागते, त्याहून किंचित जास्त उष्णतेला हे एन्झाइम निकामी होतं. म्हणून दुधात ते शोधतात आणि सापडलं नाही तर दूध पास. मुंबईची मुलं पिढ्यान्पिढ्या जे दूध बिनधास्त पीत आली, ते सुरक्षित असल्याचा पुरावा म्हणजे त्यातलं एक मेलेलं एन्झाइम.

आता माझ्या आवडीचा भाग. अन्नातल्या एन्झाइम्सना काहीच किंमत नाही असं मी म्हणत नाहीये. उलट, आपल्या आज्या त्यांच्याकडून इतकं काम करून घ्यायच्या की बाटलीवाल्यांनी शिकावं. फरक एवढाच, ते काम खलबत्त्यात, फडक्यात, विरजणाच्या भांड्यात व्हायचं. अन्न तोंडात जाईपर्यंत आटोपलेलं असायचं.

मोहरी घ्या. कोरडा दाणा दाताखाली धरला तर पहिल्या क्षणी काही जाणवत नाही. तेलात तडतडवलेल्या मोहरीलाही झणका नसतो. पण थोडं पाणी घालून मोहरी फेसली की काही मिनिटांत नाकातून डोक्यात जाते. दाण्यात मायरोसिनेज हे एन्झाइम एका कप्प्यात आणि तिखटपणाचा कच्चा माल दुसऱ्या कप्प्यात असतो. फेसताना कप्पे फुटतात, पाणी मिळतं, दोघं भेटतात. फोडणीत एन्झाइम आधीच मरतं, म्हणून ती भेट होत नाही. कोबी, फ्लॉवर, मुळा, ब्रोकोली यांच्यातही हीच जोडी आहे आणि तिच्यातून जे संयुग निघतं त्याच्या आरोग्यावरच्या परिणामांचा अभ्यास जगभर चालू आहे. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, २०१८ सालच्या, शिजवलेल्या ब्रोकोलीवर थोडी मोहरीची पूड घालून खायला दिली. ते संयुग चौपटीहून जास्त शरीरात गेलं. शिजवताना मेलेलं एन्झाइम मोहरीनं परत आणून दिलं. गाजराच्या रायत्यात फेसलेली मोहरी घालणाऱ्या बाईला हे कुणी सांगितलं नव्हतं. लसणाचंही तसंच: अख्खी पाकळी तेलात टाकली तर एन्झाइमला कामच मिळत नाही. ठेचून दहा मिनिटं बाजूला ठेवा, मग फोडणीला घाला.

मटणात कच्च्या पपईचा तुकडा घालायची युक्ती तुम्हाला माहीत असेल. रमजानात मोहम्मद अली रोडवर जे कबाब जिभेवर विरघळतात, त्यामागेही बरेचदा पपईच असते. कच्च्या पपईच्या चिकात पपेन असतं, ते मांसाची प्रथिनं फोडतं. इतर अनेक एन्झाइम्सपेक्षा ते उष्णतेत जास्त टिकतं, त्यामुळे भांडं हळूहळू तापत असतानाही काम करत राहतं. रात्रभर लावून ठेवलं तर मात्र मटणाचा लगदा होतो. फळ पिकलं की चीक जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून ‘जेवणावर पिकलेली पपई खाल्ली की मटण पचतं’ यात फारसं तथ्य नाही. पोट साफ होतं ते तंतूंमुळे आणि पाण्यामुळे. अननसात ब्रोमेलेन असतं. स्टेशनबाहेर मीठ-मसाला लावलेल्या चकत्या दोन जास्त खाल्ल्या की जीभ चुरचुरते, त्यात या एन्झाइमचाही वाटा आहे. अननस आपल्यालाच थोडंसं पचवायला बघतं.

मोड आलेल्या मुगांबद्दल जरा थांबून बोलते, कारण तुमच्या पोटाचं दुखणं बहुधा तिथेच आहे. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात. त्या फोडायचं एन्झाइम माणसाकडे नाहीच, कधीच नव्हतं. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जंतू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू होतो. दाण्याकडे मात्र ते एन्झाइम असतं. भिजवून मोड आणले की दाणा स्वतःच्या वाढीसाठी या साखरा खर्च करतो. शिवाय फायटेज नावाचं एन्झाइम जागं होतं आणि लोह, जस्त धरून ठेवणारं फायटिक आम्ल कमी करतं. म्हणजे रात्रभर भिजवून, पाणी टाकून, दिवसभर फडक्यात बांधून ठेवता तेव्हा अर्धं पचन पुरचुंडीतच झालेलं असतं. एन्झाइमनं आपलं काम केलं. आता उसळ शिजवली तर बिघडलं काय? काहीच नाही. उलट कच्चं खाण्यात धोका आहे. मोड आणायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही लागते. जर्मनीत २०११ साली मेथीच्या कच्च्या मोडांमधून ई. कोलायची साथ पसरली, पन्नासहून जास्त माणसं गेली. आपल्याकडे तर जून ते सप्टेंबर फडकंही वाळत नाही.

दीड महिना तुम्ही कच्चे मोड, कच्चा कोबी, कच्चा कांदा एका ताटात घेतलात, तोही सवय नसताना एकदम मोठ्या प्रमाणात. पोट फुगणारच. ‘विषारी द्रव्यं बाहेर पडतायत’ असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

आता कॅप्सूल. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक ठिकाणी ‘एन्झाइम मिश्रण, अमुक मिलिग्रॅम’ असं असतं. एन्झाइम वजनावर मोजत नाहीत. ते किती काम करतं यावर मोजतात आणि ते युनिटमध्ये लिहितात. पाचशे मिलिग्रॅममध्ये जिवंत एन्झाइम किती आणि भुसा किती, हे मिलिग्रॅम सांगत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारी अननसाच्या स्वादाची पाचक सिरप तर मुंबईकरांच्या घरात खोकल्याच्या औषधाशेजारीच असतात. त्यांत बरेचदा पेप्सिन आणि बुरशीपासून काढलेलं, पिष्ट फोडणारं डायस्टेज असतं. बुरशीचं डायस्टेज जुनं आहे, जोकिची ताकामिने या जपानी रसायनतज्ज्ञांनी १८९४ साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. पेप्सिनची मात्र गंमत आहे. त्याला आम्ल लागतं. माझ्याकडे आलेले एक काका सकाळी उपाशीपोटी आम्ल कमी करायची गोळी घ्यायचे आणि जेवणानंतर दोन चमचे पेप्सिन. मी त्यांना विचारलं, ‘काका, शेगडी विझवून वर कढई ठेवताय का?’ सिरप बंद झालं, काकांना फरक काहीच जाणवला नाही.

दाताच्या उपचारानंतर किंवा ऑपरेशननंतर सूज उतरायला ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन किंवा सेराशिओपेप्टिडेजच्या गोळ्या लिहून देतात, त्या या विषयातल्या नाहीत. त्यांचा जेवणाशी संबंध नाही. सेराशिओपेप्टिडेज ज्या जपानमध्ये जन्मलं तिथे २०११ साली मूळ कंपनीनंच ते मागे घेतलं, कारण चाचणीत ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. आपल्याकडे अजून सर्रास खपतं.

एन्झाइमची कॅप्सूल ज्यांच्यासाठी खरोखर औषध आहे अशी माणसं आहेत आणि त्यांची मला जास्त काळजी वाटते, कारण या गलक्यात ती हरवतात. परळला असताना एक रिक्षाचालक आले होते, चाळिशीच्या आतले. दोन वर्षं ‘गॅस’ म्हणून पाचक सिरप पीत होते. वजन चौदा किलोंनी उतरलेलं, साखर नुकतीच वाढलेली. मी नेहमीचा प्रश्न विचारला: संडासला कशी होते? त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, ‘मॅडम, वर तेल तरंगतं. दोन बादल्या ओतल्या तरी भांड्याला चिकटून राहते.’ पुढचं निदान डॉक्टरांनी केलं, स्वादुपिंडाचा जुनाट दाह. ग्रंथीचा बहुतेक भाग निकामी झाला होता. ही शंका आली की मलातल्या इलास्टेजची, म्हणजे स्वादुपिंडाच्याच एका एन्झाइमची, तपासणी करतात. ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर स्वादुपिंड कमी पडत असण्याची शक्यता, १०० च्या खाली फारच कमी. अशांना डॉक्टर पॅन्क्रिआटिनच्या कॅप्सूल देतात, मोठ्या माणसाला मुख्य जेवणाला साधारण ४० ते ५० हजार युनिट लायपेज. पहिल्या घासाबरोबर घ्यायची, आतले दाणे चावायचे नाहीत, गरम चहाबरोबर गिळायची नाही. जेवण उरकल्यावर घेतली तर ती अन्नाच्या मागे धावत राहते. आणखी एक गोष्ट मी आधीच सांगते, कारण नंतर कळली की माणसं दुखावतात: हे एन्झाइम डुकराच्या स्वादुपिंडापासून काढतात. जैन, मुस्लिम, शाकाहारी घरांमध्ये ते सांगून, विचार करायला वेळ देऊनच सुरू करावं. ते रिक्षाचालक विचार करून घ्यायला लागले आणि सहा महिन्यांत नऊ किलो भरले.

तुम्हाला यातलं काही होत असेल, मल तेलकट, वजन उतरतंय, पाठीत जाणारी पोटदुखी, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा शौचातून रक्त, तर माझं हे उत्तर बाजूला ठेवा आणि पोटाच्या डॉक्टरांना भेटा. फक्त फुगत असेल तर तीन आठवडे शिजवलेलं साधं जेवण, कोशिंबीर वाटीभर, जेवायला वीस मिनिटं. बाटलीत उरलेल्या गोळ्यांसाठी हळहळू नका. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल आणि बाटलीत ब्रोमेलेन असेल, तर एन्झाइमची कॅप्सूल उद्याचीसुद्धा घेऊ नका.

आता सासूबाई.

दुधाचं आधी. दुधातली साखर, लॅक्टोज, फोडणारं लॅक्टेज लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर असतं. बहुतेक माणसांमध्ये बाळपण संपलं की ते कमी होत जातं. जगातल्या साधारण दोन तृतीयांश मोठ्या माणसांची हीच स्थिती आहे, त्यामुळे याला आजार म्हणायला माझी जीभ वळत नाही. कपभर दूध, तेही जेवणाबरोबर, यातल्या पुष्कळांना चालतं. रात्री रिकाम्या पोटी मोठा पेला झेपत नाही. दही मात्र बहुतेकांना चालतं आणि इथे मला माझंच वरचं म्हणणं थोडं मागे घ्यावं लागतं. विरजणातले जंतू काही लॅक्टोज भांड्यातच संपवतात आणि उरलेल्यासाठी स्वतःचं लॅक्टेज पोटात घेऊन येतात. जंतूच्या कवचाआड ते जठरातल्या आम्लातून बरंच वाचतं आणि लहान आतड्यात पित्त लागून कवच फुटलं की काम सुरू करतं. अन्नातल्या एन्झाइमनं पोटात खरोखर मदत केल्याचं इतकं पक्कं उदाहरण दुसरं नाही. मात्र दही ताजं आणि न तापवलेलं हवं. कढी उकळली की जंतू आणि एन्झाइम दोन्ही गेले. तेव्हा दुपारी दहीभात, चार वाजता ताक. दूध हवंच असेल तर दुधात टाकायचे लॅक्टेजचे थेंब मिळतात, आणि त्यांना माझी हरकत नाही; सासूबाईंकडे जे कमी आहे तेच एन्झाइम त्यात आहे.

जेवण का कमी झालं ते मात्र शोधा. गेल्या तीन-चार महिन्यांत वजन किती उतरलं, घास अडकतो का, कवळी टोचते का, नवं औषध सुरू झालंय का. हे न बघता कुठलंच पीठ देऊ नका.

त्यात काही निघालं नाही, तर नाचणी. म्हाताऱ्या माणसाची अडचण अशी की घट्ट खीर गिळवत नाही आणि गिळता येईल इतकी पातळ केली तर तिच्यात पाणीच जास्त. लहान बाळाचीही तीच. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रा. तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर काम केलं: मोड आणलेल्या धान्याच्या पिठात अमायलेज भरपूर असतं, त्याचा चमचाभर घट्ट पेजेत घातला की पेज पातळ होते, अन्न मात्र तेवढंच राहतं.

नाचणी बारा तास भिजवा, पाणी बदला, ओल्या फडक्यात दोन दिवस बांधा. बारीक पांढरे मोड दिसले की सावलीत, पंख्याखाली कडकडीत वाळवा, मोड चोळून काढा आणि दळा. भाजायची असेल तर तवा जेमतेम कोमट. खमंग वास सुटेपर्यंत भाजलंत तर एन्झाइम गेलं म्हणून समजा. आपण नेहमी करतो ते सत्त्व वेगळं. त्यात वाटून, गाळून वरचं पाणी ओतून देतो आणि एन्झाइम पाण्यात विरघळणारं असल्यानं बरंचसं त्या पाण्याबरोबर मोरीत जातं. इथे अख्खं पीठच हवं. सासूबाईंना मधुमेह असेल तर हे मला विचारल्याशिवाय सुरू करू नका, कारण फुटलेलं पिष्ट म्हणजे साखरच.

गव्हाच्या रव्याची किंवा तांदळाच्या पिठाची खीर नेहमीपेक्षा दुप्पट पीठ घालून शिजवा, पळी उभी राहील इतकी घट्ट. गॅस बंद करा, तीन-चार मिनिटं थांबा, वाफ मंदावू द्या. उकळत्या खिरीत घातलं तर काहीच होणार नाही. मग एका वाटीला चमचाभर नाचणीचं हे पीठ घाला आणि ढवळत राहा. पहिल्यांदा कराल तेव्हा सासूबाईंना ओट्याशी खुर्ची देऊन बसवा, त्यांना बघायला आवडेल. मिनिटभर काही घडत नाही. मग पळी जड वाटेनाशी होते, उभी होती ती कलते, आणि पाण्याचा थेंबही न घालता खीर पळीवरून धारेनं ओघळायला लागते. आता एक उकळी काढून घ्या, एन्झाइमचं काम झालंय. वर चमचाभर तूप. गूळ आधी चाखून घाला, ती आपसूक गोडसर झालेली असते.